सामना दिसण्यामागची जबाबदारी

पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकाशी भारताचे नाते आजवर खेळाडूचे नव्हे, प्रेक्षकाचेच राहिले आहे. १९५० साली ब्राझीलमध्ये भरलेल्या स्पर्धेत प्रवेश मिळूनही भारतीय संघ तेथे गेला नाही आणि त्यानंतर पात्रतेची पायरी त्याला कधी ओलांडता आली नाही. त्यामुळे येथील फुटबॉलवेड्या माणसाच्या आयुष्यात ही स्पर्धा आली ती पडद्यावरून, परक्या घड्याळानुसार, आणि बहुधा मध्यरात्रीच्या आसपास. पडदा मात्र आपोआप उजळत नाही. दूरच्या मैदानावरचा चेंडू त्याच क्षणी घरात दिसावा यासाठी कोणीतरी हक्क विकत घ्यावे लागतात, कोणीतरी संकेत वाहून आणावा लागतो, कोणीतरी तो घरापर्यंत पोहोचवावा लागतो, आणि अखेरीस घरातल्या कोणालातरी यंत्राची मर्जी सांभाळावी लागते. गेल्या चार दशकांत या कामांची वाटणी अनेकदा बदलली. शासनाकडून ती केबलवाल्याकडे, केबलवाल्याकडून कंपनीकडे आणि कंपनीकडून बऱ्याच अंशी प्रेक्षकाच्या स्वतःच्या हाती आली. स्ट्रीमिंग ॲपवर सामना कसा पाहावा हा आज वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न या स्थित्यंतराच्या टोकाशी उभा आहे.

हे स्थित्यंतर एका आयुष्याच्या मापाने पाहायचे तर १९७० च्या दशकाच्या आरंभी कोल्हापुरात जन्मलेला प्रेक्षक नमुना म्हणून घेता येतो, कारण महाराष्ट्रात फुटबॉल पेठांच्या नित्य जीवनात मुरलेले शहर म्हणून कोल्हापूरचेच नाव प्रथम घ्यावे लागते. तालीम म्हणजे मूळचा कुस्तीचा आखाडा. परंतु या शहरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे कुस्तीइतकीच फुटबॉलच्या संघांची म्हणून ओळखली जातात, आणि शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब यांच्याशी त्यांचा सामना असला की राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. अशा गावात वाढलेल्या मुलाला थेट सामना म्हणजे काय हे दूरचित्रवाणीने शिकवावे लागले नाही. त्याच्या लेखी सामना म्हणजे उन्हात बसून, ओरडून, शेजाऱ्याशी हुज्जत घालून अनुभवायची सार्वजनिक घटना होती, आणि पडद्यावरच्या सामन्याकडूनही तो आयुष्यभर हीच अपेक्षा करत राहिला.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ साली, दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या वर्षी आले. जगाने मात्र १९७० चा मेक्सिकोतील विश्वचषक उपग्रहामार्फत रंगीत आणि थेट पाहिला होता. हा उपग्रह भूस्थिर असतो, म्हणजे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे जमिनीवरून तो एकाच जागी टांगल्यासारखा भासतो, आणि एका खंडातून वर गेलेला संकेत सुमारे पाव सेकंदात दुसऱ्या ठिकाणी खाली उतरवता येतो. १९८३ साली इन्सॅट-१ बी अवकाशात गेल्यावर आणि १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरल्यावर महानगरांबाहेरच्या घरांतही दूरदर्शन दिसू लागले. त्यामुळे कोल्हापूरच्या या प्रेक्षकाच्या पिढीला आठवणारा पहिला संपूर्ण विश्वचषक १९८६ चा, म्हणजे मारादोनाचा आहे.

त्या स्पर्धेची वेळही समजून घेण्यासारखी आहे. युरोपातील प्रेक्षकांना सायंकाळी सामने दिसावेत म्हणून मेक्सिकोच्या भर उन्हात, स्थानिक वेळेनुसार दुपारी बारा आणि चार वाजता ते खेळवले गेले. मेक्सिकोतले बारा म्हणजे भारतातले रात्रीचे साडेअकरा आणि चार म्हणजे पहाटेचे साडेतीन. सामना कधी सुरू व्हावा हे मैदानावरच्या सावलीपेक्षा सर्वाधिक पैसे मोजणाऱ्या बाजारपेठेवरून ठरते, हा धडा भारतीय प्रेक्षकाने अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी जागरणातून घेतला. २२ जून १९८६ रोजी अझ्टेका स्टेडियमवर मारादोनाने इंग्लंडविरुद्ध ५१ व्या मिनिटाला हाताने आणि ५५ व्या मिनिटाला अर्धे मैदान एकट्याने कापून केलेले गोल भारतात मध्यरात्र उलटल्यावर दिसले, आणि सकाळचे वर्तमानपत्र तोवर छापून झालेले असल्यामुळे सामना पाहिलेल्या माणसाजवळ दिवसभर पुरेल अशी बातमी होती. ज्या घरी संच होता तेथे गल्ली जमत असे. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा, जिन्यातल्या दुसऱ्याने निरोप पोहोचवायचा आणि पडद्यावरच्या मुंग्या गेल्या की खालच्याने हाक द्यायची, अशी श्रमविभागणी असे. व्यत्ययाची पाटी पडद्यावर आली तर तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण व्यत्यय सर्वांचा सारखाच असे.

या पहिल्या व्यवस्थेत निवड शासनाची होती. कोणता सामना दाखवायचा, कोणता वगळायचा, समालोचन कोणत्या भाषेत द्यायचे हे दिल्लीत ठरे, आणि प्रेक्षकाचे स्वातंत्र्य संच चालू किंवा बंद करण्यापुरते मर्यादित होते. त्या बदल्यात त्याला दोन गोष्टी विनासायास मिळत होत्या. सामन्यासाठी वेगळा खर्च नव्हता, आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, पणजीत, कोलकात्यात व कोळिकोडला गोल एकाच श्वासात दिसत होता. ८ जून १९९० रोजी कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला उद्घाटनाच्याच सामन्यात १–० असे हरवले तेव्हा देशभर उडालेल्या चकित हल्लकल्लोळाला हीच एककालिकता कारणीभूत होती. टंचाईतून आलेल्या या एकत्रपणाचे पुढे फार कौतुक झाले. परंतु ज्याला पोलंड किंवा उरुग्वे पाहायचा होता आणि तो दाखवलाच गेला नाही, त्याच्या दृष्टीने ती टंचाईच होती, हेही नोंदवले पाहिजे.

१९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि गच्चीवरच्या अँटेनाची जागा गल्लीत एकच मोठी तबकडी लावून घरोघर तार ओढणाऱ्या केबलवाल्याने घेतली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेटच्या एका स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही असा निर्णय दिला, आणि खेळांच्या प्रक्षेपण हक्कांची बाजारपेठ कायद्याच्या दृष्टीने खुली झाली. एप्रिल २००२ मध्ये सुरू झालेल्या टेन स्पोर्ट्स या वाहिनीने त्याच वर्षीचा जपान-कोरियातील विश्वचषक भारतात दाखवला. जपानी वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे असल्यामुळे ते सामने येथे दुपारी बारा, अडीच आणि पाच वाजता सुरू होत, आणि तिशीच्या उंबरठ्यावर नोकरीत स्थिरावलेल्या या प्रेक्षकाला प्रथमच असा विश्वचषक भेटला की ज्यासाठी जागरण नव्हे, रजा लागत होती. आता त्याचे भांडण केबलवाल्याशी होते: वाहिनी पॅकेजमध्ये आहे की नाही, दर का वाढला, पाऊस आला की चित्र का थरथरते. सार्वजनिक गाऱ्हाण्याचे रूपांतर ग्राहकाच्या तक्रारीत झाले. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा घटनांचे संकेत खासगी हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यावेत असा कायदा २००७ साली संसदेने केला. सर्वांना दिसण्याचा हक्क आणि विकत घेणाऱ्याचा हक्क यांतील ताण त्यातून कायद्याच्या भाषेत मान्य झाला, पण मिटला नाही.

तिसरा टप्पा मोबाइलचा. २०१४ च्या ब्राझीलमधील आणि २०१८ च्या रशियातील विश्वचषकाचे भारतातील हक्क सोनीकडे होते आणि वाहिनीच्या जोडीने इंटरनेटवरही सामने दाखवले गेले. परंतु २०१४ मध्ये बहुतेकांच्या दृष्टीने ती प्रवासातली तात्पुरती सोय होती, कारण डेटा महाग आणि जोडणी मंद होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर कोसळले, आणि २०२२ च्या कतारमधील स्पर्धेचे सामने जिओ सिनेमा या ॲपवर विनामूल्य दाखवले गेले तेव्हा पन्नाशीत पोहोचलेल्या या प्रेक्षकाच्या घरात कदाचित प्रथमच असे घडले की दिवाणखान्यातील संच बंद होता आणि सामना मात्र घरातल्या प्रत्येक खोलीत चालू होता. कतारची वेळ भारताच्या अडीच तास मागे. त्यामुळे गटसाखळीतील सामने दुपारी साडेतीन, सायंकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि साडेबारा असे दिवसभर पसरले होते, आणि १८ डिसेंबरचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना तर रात्री साडेआठला सुरू झाला. ३–३ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ४–२ असा निकाल लागला तेव्हा कोल्हापूरच्या चौकांत अर्जेंटिनाचे झेंडे घेऊन निघालेल्या तरुणांपैकी बहुतेकांचा जन्म मारादोनाच्या स्पर्धेनंतर कितीतरी वर्षांनी झालेला होता.

या टप्प्याचे वेगळेपण केवळ पडद्याच्या आकारात नाही, संकेत पोहोचवण्याच्या तत्त्वातच आहे, आणि ते समजल्याशिवाय ॲपवरचे अनेक त्रास अनाकलनीय राहतात. प्रक्षेपण पावसासारखे असते, छपरे दहा असोत वा दहा लाख, ढगाला त्याचे ओझे होत नाही. स्ट्रीमिंग मात्र नळाच्या पाण्यासारखे घरोघर स्वतंत्र धारेने येते आणि सर्वांनी एकदम तोटी उघडली की दाब पडतो. मैदानावरील कॅमेऱ्यांचे चित्र प्रथम यजमान प्रक्षेपकाच्या केंद्रात एकत्र येते. तेथून उपग्रहाने किंवा समुद्राखालच्या प्रकाशतंतूंवाटे ते हक्कधारक कंपनीच्या स्टुडिओत पोहोचते, तेथे त्यावर समालोचन, आलेख आणि जाहिराती चढतात, आणि मग तेच चित्र कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींमध्ये रूपांतरित होऊन काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते. हे तुकडे निरनिराळ्या शहरांतील साठवण-संगणकांवर ठेवले जातात, ज्यांच्या जाळ्याला सीडीएन म्हणतात, आणि प्रेक्षकाच्या फोनवरील ॲप जवळच्या संगणकाकडून एकामागून एक तुकडा मागवत राहते. जोडणी मंदावली की ॲप आपण होऊन कमी स्पष्टतेची प्रत मागवते. चित्र एकाएकी धूसर होते त्याचे कारण हे. तुकडा वेळेवर आलाच नाही तर मधोमध ते फिरते वर्तुळ दिसते, ज्याला सर्वजण बफरिंग म्हणून ओळखतात. बफर म्हणजे पुढच्या काही सेकंदांचा आगाऊ भरून ठेवलेला साठा. तो संपला की खेळ थांबतो.

या आगाऊ साठ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. कापणे, वाटणे, साठवणे या प्रत्येक पायरीवर काही सेकंद खर्च होतात आणि ॲपवरचा सामना मैदानावरील घटनेच्या अनेकदा २० ते ४० सेकंद, क्वचित त्याहूनही अधिक मागे चालतो. उपग्रह वाहिनीवरचा सामना त्या मानाने बराच पुढे असतो. परिणामी एकाच वाड्यातील दोन घरांत दोन वेगळे वर्तमानकाळ नांदतात. पेनल्टी घेणारा खेळाडू अजून चेंडू ठेवत असतानाच शेजारून आरोळी येते, किंवा गुणफलकाचे ॲप फोनच्या कपाळावर निकाल लिहून मोकळे होते, आणि पाहण्यासारखे जे होते ते पाहण्याआधीच कळून चुकते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट बफरिंगपेक्षाही अधिक खटकते. चित्र १९८६ पेक्षा शतपटीने स्वच्छ, कॅमेरे अगणित, ऑफसाइडची रेषा संगणकाने आखलेली. परंतु सर्वांनी एकाच क्षणी श्वास रोखण्याची ती जुनी हमी मात्र उरलेली नाही.

प्रेक्षकाकडे आलेल्या कामांपैकी पहिले काम सामना कोठे आहे हे शोधण्याचे. हक्क स्पर्धेगणिक आणि देशागणिक वेगळे विकले जातात. एका स्पर्धेचे ॲप दुसऱ्या स्पर्धेला उपयोगी पडेलच असे नाही. भारतात २०२३ चा महिलांचा विश्वचषक फॅनकोडवर होता, २०२४ ची युरो स्पर्धा सोनीकडे होती, आणि जिओ सिनेमा व हॉटस्टार ही दोन ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ हॉटस्टार या एकाच नावाखाली आली. म्हणून गेल्या वेळचे ॲप उघडून निश्चिंत बसण्याऐवजी स्पर्धेच्या काही दिवस आधी आयोजक संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावरील प्रसारकांची यादी पाहणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. देशागणिक विक्रीचा परिणाम परदेशी गेलेल्या मराठी माणसाला अधिक जाणवतो. लंडनमध्ये राहणाऱ्याला विश्वचषक बीबीसी आणि आयटीव्ही यांच्या ॲपवर दिसतो, कारण ब्रिटनमध्ये १९९६ च्या प्रसारण कायद्यानुसार ही स्पर्धा विनाशुल्क वाहिन्यांसाठी राखीव घटनांच्या यादीत आहे, जरी थेट दूरचित्रवाणी पाहण्यासाठी तेथे वार्षिक परवाना घ्यावा लागतो. न्यू जर्सीतल्याला फॉक्स किंवा स्पॅनिश भाषेतील टेलेमुंडो, मेलबर्नमधल्याला एसबीएस, दोह्यातल्याला बीइन. हाच माणूस सुटीत पुण्याला आला की तिकडचे ॲप इकडे उघडत नाही; इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला मिळणाऱ्या पत्त्यावरून, म्हणजे आयपी पत्त्यावरून, प्रेक्षक कोणत्या देशात आहे हे ॲपला कळते आणि करारापलीकडच्या प्रदेशात चित्र रोखले जाते. व्हीपीएन वापरून हा पत्ता लपवता येतो, पण बहुतेक सेवांच्या अटींचा तो भंग असतो आणि ऐन सामन्यात खाते अडण्याचा धोका त्यात राहतो.

दुसरे काम वेळेचे. रात्री साडेबाराचा सामना परदेशी वेळापत्रकात आदल्या तारखेखाली छापलेला असतो, आणि भारतीय तारखेने शनिवारचा सामना शनिवारी रात्री शोधणाऱ्याला तो आदल्याच रात्री होऊन गेल्याचे कळते; म्हणून भारतीय प्रमाणवेळेनुसार तारीख आणि वार दोन्ही लिहून ठेवणे उपयुक्त असते. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा या तीन देशांत, ४८ संघांचा आणि १०४ सामन्यांचा असा आखला गेला. उद्घाटनासाठी पुन्हा अझ्टेकाच निवडले गेले, आणि त्या सामन्याची वेळ भारतात मध्यरात्रीनंतर साडेबाराची ठरली. एवढ्या पसाऱ्यात सगळे काही पाहणे कोणालाही शक्य नसते, आणि पूर्वी शासन करत असे ती निवड आता प्रेक्षकालाच करावी लागते.

तिसरे काम अँटेना फिरवण्याचे, जे आता गच्चीवरून सेटिंगच्या पानावर आले आहे. ॲप आधीच अद्ययावत करून ठेवणे, खात्यात प्रवेश सामन्यापूर्वी तपासणे, एका खात्यावर एकाच वेळी किती पडदे चालतात याची मर्यादा घरातल्यांना सांगून ठेवणे, मोठ्या पडद्याच्या संचाला शक्य असेल तर राउटरपासून थेट तार देणे, आणि जोडणी डळमळीत असेल तर स्पष्टता आपोआप बदलू देण्याऐवजी एक पायरी खाली स्थिर ठेवणे, एवढ्याने निम्मे त्रास टळतात. मोबाइल डेटावर पाहणाऱ्याने एचडी चित्राला तासाला साधारण १ ते ३ जीबी खर्च होतो हे धरून चालावे, कारण जादा वेळ आणि पेनल्टी धरून सामना अडीच तासांच्या पुढे जाऊ शकतो. चित्र अडखळून पुन्हा सुरू झाले की ते जेथे थांबले तेथूनच पुढे चालते आणि प्रेक्षक आणखी मागे पडतो. अशा वेळी पडद्यावरील लाइव्ह ही खूण दाबली की तो पुन्हा आघाडीच्या क्षणाजवळ येतो. आणि गुणफलकाच्या सूचना सामना संपेपर्यंत बंद ठेवणे तर सर्वांत सोपे आणि सर्वांत विसरले जाणारे.

सामना विनामूल्य दाखवण्याचे आमिष देणाऱ्या अनधिकृत दुव्यांचा मार्गही आज प्रत्येक प्रेक्षकाच्या बोटाशी आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ प्रसारण संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर स्वतंत्र हक्क देतो, त्यामुळे परवानगीशिवाय सामना पुन्हा प्रक्षेपित करणे हा त्या हक्काचा भंग ठरतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सौदा वाईटच, कारण अशा दुव्यांवर सामन्याआधी फसव्या खिडक्या, सट्टेबाजीच्या जाहिराती आणि फोनमध्ये घुसू पाहणारी ॲप वाट पाहत असतात, आणि चित्र नेमके निर्णायक क्षणी गायब होते. पूर्वी केबलवाल्याची फसवणूक महिन्याच्या बिलापुरती असे. येथे बँक खाते असलेले यंत्रच परक्याच्या हाती जाऊ शकते.

एवढी कामे अंगावर घेऊन प्रेक्षकाला मिळाले काय, याचे उत्तर देताना गतकाळाच्या मोहात पडण्याचे कारण नाही. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या महिलांच्या विश्वचषकात ३२ संघ खेळले, आणि २० ऑगस्टला सिडनीत स्पेनने इंग्लंडला १–० असे नमवले तेव्हा भारतात सायंकाळ होती. एकाच वाहिनीच्या काळात या स्पर्धेच्या ६४ सामन्यांपैकी किती दिसले असते याचा अंदाज कोणीही करावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत आणि गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर रंगले, आणि त्या स्पर्धेतील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमीच्या मैदानावर लहानाचे मोठे झालेल्या शहराने आपला मुलगा जागतिक स्पर्धेच्या पडद्यावर पाहिला. आजच्या चौदा वर्षांच्या खेळाडू मुलीला बचावफळीची हालचाल दहा वेळा मागे नेऊन पाहता येते; १९८६ च्या मुलाला मारादोनाची धाव एकदा दिसली आणि उरलेली त्याने बोलण्यातून पुन्हा उभी केली. पाहण्याचे शिक्षण म्हणून विचार केला तर नव्या व्यवस्थेचे पारडे निःसंशय जड आहे.

गमावले ते सामाईकपण, आणि ते तंत्राने नेलेले असले तरी तंत्रावाचूनही काही अंशी परत मिळवता येते. दहा फोनांवर दहा वेगळे क्षण पाहण्याऐवजी तालमीत, सोसायटीच्या सभागृहात किंवा मित्राच्या घरी एकाच पडद्यासमोर बसले की विलंब उरला तरी सर्वांचा सारखाच असतो, आणि मैदानापेक्षा अर्धा मिनिट मागे असलेला आनंदही एकत्र साजरा करता येतो. मात्र सार्वजनिक ठिकाणी मोठ्या पडद्यावर दाखवताना घरगुती वर्गणी पुरेशी नसते; आयोजक मंडळाने त्यासाठी हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी, म्हणजे ऐन सामन्यात अडचण येत नाही.

एक उणीव अद्याप तशीच आहे. २०२२ च्या विश्वचषकाचे समालोचन भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली या भाषांत उपलब्ध होते, मराठीत नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच जिओ सिनेमा ॲपवर आयपीएलचे क्रिकेट मराठी समालोचनासह ऐकता आले. दूरदर्शनच्या काळात कोल्हापूरचा प्रेक्षक काय मागतो हे मोजण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते. ॲपला मात्र प्रत्येक प्रेक्षकाचे शहर, वेळ आणि निवडलेली भाषा माहीत असते, आणि कंपन्या निर्णय घेतात ते याच नोंदींवरून. कोल्हापूर, मुंबई, पुणे, नागपूर आणि परदेशस्थ मराठी प्रेक्षकांनी मराठी समालोचनाची मागणी कंपनीकडे लेखी नोंदवावी, तालीम मंडळांनी आणि क्रीडासंस्थांनी ती सामूहिकपणे मांडावी, आणि जेथे मराठीचा पर्याय मिळेल तेथे तो आवर्जून निवडावा. सामना दिसण्याची जबाबदारी प्रेक्षकावर आलीच आहे, तर तो कोणत्या भाषेत ऐकू यावा हे सांगण्याचा अधिकारही त्याने वापरलाच पाहिजे.